कॅमेऱ्यातील ठेवा संगणकावर

(सिनेगॉगच्या सभागृहात ज्येष्ठ मंडळींसमोर एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींना नवल वाटले असेल. कॅमेऱ्यातील फोटो संगणकावर उतरविण्याची रीत सांगायला एखादा तरुण अभियंता बोलावायचा, तर सत्तरी उलटलेली परिचारिका कशी उभी राहिली? त्याचे उत्तर असे की, हे काम बुद्धीचे कमी आणि शिस्तीचे जास्त आहे. आणि शिस्त तर आमच्या व्यवसायाचा प्राणच. मी मुंबईत परिचर्येची पदविका घेतली आणि पुढे या देशात येऊन ३४ वर्षे रुग्णालयात काम केले. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात रुग्ण हलविताना जी काळजी घ्यायची, तीच काळजी फोटो हलविताना घ्यायची असते. रुग्ण नीट पोहोचला, नव्या वॉर्डातील सिस्टरने त्याला पाहिले, केसपेपर ताब्यात घेतला, मगच पहिली खाट रिकामी करायची. एवढे तत्त्व ज्याला समजले, त्याला आजचा अर्धा विषय समजला.

तथापि रीत सांगण्यापूर्वी हे काम करायचेच कशाला, ते बोलू. आपल्या समाजाची पूर्वपरंपरा आपण सर्व जाणतो. कोकणच्या किनाऱ्यावर, नवगावजवळ आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. माणसे वाचली, पण ग्रंथ, लेख, वंशावळी सारे समुद्राने गिळले. ‘शेमा’ तेवढी ओठांवर राहिली, म्हणून आपण कोण हे आपल्याला कळले. पुढे आपण पेणकर झालो, रोहेकर झालो, नवगावकर झालो. गावांच्या नावांनीच आपला इतिहास सांभाळला. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला, पण तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. मधली चाळीस वर्षे तो हस्तलिखिताच्या रूपात राहिला. त्या चाळीस वर्षांत एखादी वाळवी, एखादा पूर, एखादी आग पुरेशी होती. ज्या समाजाने एकदा सर्व कागदपत्रे गमावली आहेत, त्याने दुसऱ्यांदा तरी निष्काळजी राहू नये.

आता आपल्या घरात डोकावून पाहा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्यापैकी कितीतरी जण भारतात जाऊन आले. कोणी मुंबईला १७९६ सालचे शाआर हारहामीम पाहिले, कोणी अलिबाग, रेवदंडा, पनवेलची सिनेगॉग पाहिली, कोणी आजोबांची कबर शोधून काढली, कोणी आपल्या जुन्या घराच्या ओटीवर उभे राहून फोटो काढून घेतला. ती घरे आज तशीच उभी असतीलच असे नाही. त्या घरांतून चहा देणाऱ्या शेजारणी आज हयात असतीलच असे नाही. ते सर्व फोटो कोठे आहेत? पुष्कळांच्या बाबतीत उत्तर एकच आहे : कपाटातल्या कॅमेऱ्यात. आणि त्या कॅमेऱ्याचा चार्जर कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

प्रथम फोटो नेमका कोठे असतो ते पाहू. कॅमेऱ्याच्या तळाशी किंवा बाजूला एक छोटे झाकण असते. ते उघडले की बॅटरीशेजारी पोस्टाच्या तिकिटाएवढे एक कार्ड दिसते. त्याला मेमरी कार्ड म्हणतात. आपले फोटो त्या कार्डात असतात. कॅमेरा हा फक्त टिपणारा डोळा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत एसडी जातीचे कार्ड असते. ही जात १९९९ साली निघाली. काही जुन्या सोनी कॅमेऱ्यांत मेमरी स्टिक असते, तर ऑलिंपस आणि फुजीच्या काही कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड असते. आपले कार्ड कोणते, ते त्यावरच छापलेले असते. २ जीबीपर्यंतचे साधे एसडी, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, आणि त्याहून मोठे एसडीएक्ससी. हे भेद लक्षात ठेवायचे कारण असे की, फार जुना कार्ड-वाचक नवे कार्ड वाचत नाही. तेव्हा कार्ड बिघडले असे समजून घाबरू नये, नवा वाचक आणावा.

या कार्डात चाके नाहीत, फिती नाहीत. अतिसूक्ष्म खणांत विजेचा भार साठवून त्यात चित्र लिहिलेले असते. तो भार पुष्कळ वर्षे टिकतो, पण अनंतकाळ टिकण्यासाठी कार्ड बनविलेले नाही. कार्ड म्हणजे प्रवासातील पिशवी. घरी आल्यावर पिशवीतले सामान कपाटात लावायचे असते.

आता प्रत्यक्ष रीत. मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग तारेचा. कॅमेऱ्याबरोबर एक यूएसबी तार मिळालेली असते. कॅमेऱ्याची बॅटरी आधी पूर्ण भरून घ्यावी, कारण फोटो जात असताना मध्येच कॅमेरा बंद पडणे बरे नव्हे. कॅमेरा बंद ठेवून तारेचे लहान टोक कॅमेऱ्याला व मोठे टोक संगणकाला लावावे, आणि मग कॅमेरा सुरू करावा. काही कॅमेऱ्यांत प्रथम त्याच्या पडद्यावर ‘संगणक’ हा पर्याय निवडावा लागतो.

दुसरा मार्ग कार्ड-वाचकाचा, आणि माझी शिफारस याच मार्गाची आहे. कार्ड-वाचक ही एक लहानशी डबी असते; एका बाजूला कार्डाची खाच, दुसऱ्या बाजूला यूएसबीचे टोक. पुष्कळ लॅपटॉपना अशी खाच अंगभूतच असते. कॅमेरा बंद करावा, दिवा लुकलुकत नाही याची खात्री करावी, मग झाकण उघडून कार्ड बोटाने किंचित आत दाबावे. ते स्वतःहून बाहेर येते. त्याच्या सोनेरी पट्ट्यांना हात लावू नये. या मार्गात कॅमेऱ्याची बॅटरी लागत नाही, चार्जर लागत नाही, कॅमेऱ्याबरोबरची चकती लागत नाही. एवढेच नव्हे तर कॅमेरादेखील लागत नाही.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक बारीक सरकती खुट्टी असते. ती खाली सरकविली की कार्डाला कुलूप लागते. त्यातले वाचता येते, पण पुसता येत नाही. मी कार्ड संगणकाला लावण्यापूर्वी ही खुट्टी खाली करते. काम संपल्यावर ती पुन्हा वर करावी, नाहीतर कॅमेरा पुढचा फोटो घ्यायला नकार देतो आणि आपण त्याला दुरुस्तीला नेतो.

कार्ड लावले की संगणक कधी कधी स्वतःच विचारतो, फोटो आत घेऊ का? ‘हो’ म्हणायला हरकत नाही. परंतु त्या खिडकीत ‘आत घेतल्यावर मूळ फोटो पुसावेत’ असा एक चौकोन असू शकतो. त्यात खूण असल्यास ती काढून टाकावी. मला स्वतःला हाताने काम करणे पसंत आहे, कारण काय कोठे गेले ते डोळ्यांना दिसते.

हाताने काम असे करावे. कळफलकावर विंडोज खुणेची कळ आणि ई ही अक्षरकळ एकदम दाबली की फोल्डरांची खिडकी उघडते. तिच्यात आपले कार्ड एखाद्या खणासारखे दिसते. ते उघडल्यावर आत ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर असतो. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, हे नाव तेच; कारण कॅमेरे बनविणाऱ्यांनी तसा समान नियम ठरवून घेतला आहे. त्याच्या आत १०० या आकड्याने सुरू होणारा आणखी एक फोल्डर, आणि त्यात आपले फोटो. दुसऱ्या खिडकीत संगणकावरील चित्रांच्या जागी एक नवा फोल्डर तयार करावा. मग कार्डातील फोटोंच्या खिडकीत कंट्रोल आणि ए दाबावे. सर्व फोटो निळे होतात. कंट्रोल आणि सी दाबावे. नव्या फोल्डरात येऊन कंट्रोल आणि व्ही दाबावे. हिब्रू कळफलकावरही इंग्रजी अक्षरे छापलेली असतात, म्हणून त्यात अडचण नाही.

ज्यांना उंदीर, म्हणजे माऊस, सोयीचा वाटतो, त्यांनी उजवे बटण दाबून हिब्रू यादी पाहावी. तेथे तीन शब्द जवळजवळ असतात : ‘ग्झोर’, ‘हाअतेक’ आणि ‘हादबेक’. ग्झोर म्हणजे कापणे, हाअतेक म्हणजे नक्कल घेणे, हादबेक म्हणजे चिकटविणे. आपण सदैव ‘हाअतेक’ निवडायचे. ‘ग्झोर’च्या वाटेला कधीही जायचे नाही. कापून चिकटविताना मध्येच वीज गेली, तार निघाली, कार्ड हलले, तर काही फोटो इकडचेही राहत नाहीत आणि तिकडचेही होत नाहीत. नक्कल घेताना तोच अपघात घडला तर मूळ प्रत सुरक्षित असते. फार तर पुन्हा आरंभ करावा लागतो.

आता शिस्तीचा भाग, ज्यासाठी मी येथे उभी आहे. शस्त्रक्रियागृहात पोट शिवण्याआधी परिचारिका बोळे मोजते. आत गेलेले किती, बाहेर आलेले किती. आकडा जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही, मग शल्यविशारद कितीही घाईत असो. फोटोंचेही तसेच. कार्डातील फोल्डरावर उजवे बटण दाबून ‘मआफ्यानिम’, म्हणजे गुणधर्म, हा शब्द निवडावा; किती फाइली आहेत तो आकडा दिसतो. तो कागदावर लिहावा. संगणकावरील नव्या फोल्डराचा आकडा पाहावा. दोन्ही सारखे असले पाहिजेत. एवढ्यावरही थांबू नये. सुरुवातीचा एक, मधला एक आणि अगदी शेवटचा एक, असे तीन फोटो संगणकावरील फोल्डरातून उघडून पाहावेत. नाव दिसते म्हणून चित्रही आले, असे नसते. रुग्णाचे नाव पाटीवर आहे म्हणून रुग्ण खाटेवर आहेच असे आम्ही कधी धरले नाही.

आकडा जुळला, तीन फोटो उघडले, दुसरी प्रतही तयार झाली, मगच कार्ड रिकामे करावे. तेही संगणकावरून नव्हे, तर कार्ड कॅमेऱ्यात परत घालून कॅमेऱ्याच्या यादीतील ‘फॉरमॅट’ या पर्यायाने. कॅमेरा आपल्याला हवी तशी मांडणी करून घेतो.

पुढचा मुद्दा नावाचा. कॅमेरा फोटोंना आयएमजी, डीएससी अशी अक्षरे आणि पुढे चार आकडे देतो. चार आकडे म्हणजे ९९९९ पर्यंत; त्यानंतर तो पुन्हा ०००१ पासून मोजू लागतो. शिवाय एका घरात एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले, तर दोघांचाही ०००१ असतोच. ते सर्व एकाच फोल्डरात ओतले, तर संगणक विचारतो, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? येथे ‘हो’ म्हटले की जुना फोटो गेला. लग्नाच्या फोटोवर बाजाराचा फोटो बसतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. असा प्रश्न आला की काम रद्द करावे आणि नवा फोल्डर उघडावा. दर खेपेला नवा फोल्डर, हा सर्वांत सोपा उपाय.

त्या फोल्डराला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग लिहावा : ‘२०११-०२-१७ नवगाव’, ‘२०१४-०८-२१ मेहंदी’. वर्ष आधी लिहिले की संगणक ते आपोआप कालक्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला तर १ तारखेचे सर्व समारंभ, मग ते कोणत्याही वर्षाचे असोत, एकत्र येऊन बसतात. आकडे इंग्रजी लिपीत टाकलेले बरे. प्रसंगाचे नाव मराठीत लिहा, हिब्रूत लिहा, संगणक दोन्ही लिपी स्वीकारतो.

तारखेवरून एक गमतीची, परंतु महत्त्वाची गोष्ट आठवली. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कोणत्या दिवशी, किती वाजता काढला, हे लिहिलेले असते. ही वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळाची. आपण येथून मुंबईला जातो आणि कॅमेऱ्याचे घड्याळ येथलेच राहते. हिवाळ्यात मुंबई आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, उन्हाळ्यात अडीच तास. समजा, जानेवारीत शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता, हवदाला होऊन गेल्यावर, आपण मुंबईच्या नातलगांचा फोटो काढला. कॅमेरा नोंद करतो : शनिवार, दुपारचे चार. उद्या पणतू ते वाचील आणि म्हणेल, आमची पणजी शब्बाथला फोटो काढीत होती! (हशा) म्हणून विमानातून उतरल्याबरोबर मनगटी घड्याळाबरोबर कॅमेऱ्याचेही घड्याळ लावावे. बॅटरी फार दिवस काढून ठेवली तर काही कॅमेऱ्यांचे घड्याळ शून्यावर येते आणि मग सर्व फोटो एखाद्या भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीचे होतात. त्यासाठी फोल्डराच्या नावात तारीख आपण स्वतः लिहिणे अगत्याचे.

आता एका भगिनीची हकिगत सांगते; तिच्या अनुमतीने, पण नाव न घेता. तिचे यजमान वारल्यावर काही वर्षांनी कपाटात त्यांचा कॅमेरा सापडला. बॅटरी फुगलेली, चार्जर हरवलेला. दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, हा कॅमेरा आता चालायचा नाही, टाकून द्या. ती तो माझ्याकडे घेऊन आली. टाकायचे मन होत नव्हते म्हणून. आम्ही झाकण उघडून कार्ड काढले, माझ्या लॅपटॉपच्या खाचेत घातले, आणि पडद्यावर ३८६ फोटो उमटले. यजमानांनी भावांबरोबर केलेला कोकणचा अखेरचा प्रवास होता तो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी, एलियाहू हन्नाबीच्या स्थानी, मलिद्याचे ताट मांडलेले. पोहे, खोबरे, साखर, फळे. आणि ताटामागे सारे भाऊ बसलेले. त्यांच्यापैकी एकच आज हयात आहे. ती बाई काही बोलली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला आणि एकेक फोटो पाहत दोन तास बसून राहिली. मी चहा केला. कॅमेरा मेला म्हणजे फोटो मेले, असे समजू नका. आपण जाऊन कार्ड तपासा.

चुकून फोटो पुसले गेले तरी एक आशा असते. पुसले म्हणजे त्या क्षणी चित्र नाहीसे होत नाही. ‘ही जागा मोकळी आहे’ एवढीच नोंद कार्डात होते, आणि तेथे नवा फोटो येऊन बसेपर्यंत जुना पुष्कळदा तसाच असतो. म्हणून असे घडल्यास त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये. कार्ड काढून, कुलूप लावून, पाकिटात ठेवावे. ‘फोटोरेक’सारखे विनामूल्य प्रोग्राम आहेत, जाणकार नातू-नात असेल तर त्यांच्याकडून ते चालवून घ्यावेत. जखम झाल्यावर आधी हालचाल थांबवायची आणि मग उपचार करायचा, तसेच हे.

संगणकावर फोटो आले म्हणजे काम संपले का? नाही. संगणकही बिघडतो. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा एक सोपा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला आहे. एक प्रत संगणकावर, दुसरी ‘डिस्क-ऑन-की’वर. हे नाव आपल्याच देशातील एका कंपनीने २००० सालाच्या सुमारास दिले आणि आजही येथे सर्व जण याच नावाने ती वस्तू मागतात. फोटो मोठे असले तरी जागेची चिंता नको. ४ एमबीचे २५० फोटो म्हणजे सुमारे १ जीबी. ६४ जीबीच्या एका डिस्क-ऑन-कीवर साऱ्या घराण्याचा संसार मावेल. तिसरी प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी, अथवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी.

घराबाहेर कशासाठी, हे या देशात समजावून सांगावे लागू नये. सायरन वाजला की आपण ममादमध्ये धावतो. त्या क्षणी औषधांची पिशवी, चष्मा आणि नातवंडे एवढेच हातात येते, आणि तेच योग्य आहे. अल्बम घ्यायला कोणी थांबू नये. प्रत दुसऱ्या गावी आहे हे ठाऊक असले, तर थांबण्याचा मोहही होत नाही.

एक सावधगिरी सांगते. ‘मी व्हॉट्सअॅपवर सर्वांना पाठविले आहेत, तेव्हा ते सुरक्षित आहेत’, असे पुष्कळ जण म्हणतात. व्हॉट्सअॅप साधारणपणे फोटो लहान करून पाठवितो आणि त्याच्या पोटातील तारीख-वेळेची नोंदही काढून टाकतो. फोनच्या पडद्यावर तो छान दिसतो; पण भिंतीवर लावण्यासाठी मोठा करून छापला की चेहरे पुसट होतात. व्हॉट्सअॅप पाहण्यासाठी, मूळ प्रत जपण्यासाठी.

आणि आता शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत मोठी वाटते. आपल्या आईवडिलांच्या काळी स्टुडिओत काढलेला फोटो असे. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले असे : अमुक, अमुकची बहीण, अमुक साल, पेण. संगणकातील फोटोला पाठ नसते. तेथे कोणी लिहीत नाही. रुग्णालयात रक्ताच्या नमुन्याच्या बाटलीवर नाव नसेल, तर तो नमुना कितीही चांगला असला तरी टाकून द्यावा लागतो. नाव नसलेल्या फोटोचेही दोन पिढ्यांनंतर तेच होते. ‘ही कोणी तरी भारतातली माणसे’, एवढेच आपल्या पणतवंडांना कळेल.

यासाठी प्रत्येक फोल्डरात एक साधी लिखित फाइल ठेवावी. तिच्यात फोटोचा क्रमांक आणि पुढे डावीकडून उजवीकडे बसलेल्या माणसांची नावे, त्यांचे नाते, त्यांचे मूळ गाव. मराठीत लिहावे, आणि त्याखाली हिब्रूतही लिहावे. कारण आपली नातवंडे मराठी समजतात, काही बोलतात, पण वाचणारी फार थोडी उरली आहेत. ‘डावीकडून’ हे दोन्ही भाषांत स्पष्ट लिहावे. हिब्रू वाचणारा उजवीकडून मोजू लागला तर काकू मामी होईल आणि मामी काकू. (हशा) ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांनी वहीत लिहावे आणि त्या पानाचा फोटो काढून त्याच फोल्डरात ठेवावा. आणि हे काम आजच्या आज सुरू करावे. कारण या सभागृहात असे कितीतरी चेहरे आहेत, जे जुन्या फोटोंतील माणसे ओळखू शकणारे अखेरचे आहेत.

मंडळाने मला सांगितले आहे की, येत्या मंगळवारपासून दर मंगळवारी संध्याकाळी या खोलीत एक संगणक आणि सर्व जातींची कार्डे वाचणारा वाचक ठेवण्यात येईल. आपण कॅमेरा आणा, एक कोरी डिस्क-ऑन-की आणा, आणि शक्य असल्यास एक नातवंड बरोबर आणा. फोटो आपल्या डिस्क-ऑन-कीवर जातील. आमच्या संगणकावर एकही प्रत राहणार नाही. कॅमेरा बंद असला तरी आणा. 

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सिस्टर, आमच्याकडे कॅमेराच नाही, सर्व फोटो फोनमध्ये आहेत. त्यांची रीत निराळी आहे का?

उत्तर : तत्त्व तेच. अँड्रॉइड फोन तारेने जोडल्यावर फोनच्या पडद्यावर ‘फाइली पाठविणे’ हा पर्याय निवडावा लागतो. एरवी तो केवळ चार्ज होत राहतो. आयफोन ‘या संगणकावर विश्वास ठेवू का’ असे विचारतो. त्याला ‘हो’ म्हणावे. फोनमध्येही तोच डीसीआयएम फोल्डर सापडेल. नक्कल घ्या, मोजा, उघडून पाहा.

प्रश्न : आईच्या लग्नाचा कागदी फोटो आहे. तो संगणकावर कसा आणावा?

उत्तर : स्कॅनर असेल तर उत्तम. नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा ठिकाणी फोटो सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि कॅमेरा बरोबर वर धरून फोटो काढावा. पाठीवर काही लिहिले असेल तर पाठीचाही फोटो घ्यावा. मूळ कागद मात्र टाकू नये. तो आपल्यापेक्षा अधिक वर्षे टिकला आहे.

प्रश्न : चांगले-वाईट सगळेच फोटो ठेवायचे का? एकाच प्रसंगाचे वीस वीस असतात.

उत्तर : प्रथम सर्व उतरवावेत, निवड नंतर संगणकाच्या मोठ्या पडद्यावर करावी. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर पाहून पुसू नये. मागे अंधुक दिसणारी म्हातारी कोण, हे मोठे केल्यावरच कळते.

प्रश्न : हे सर्व करायचे, पण माझ्या मुलांना यात मुळीच रस नाही. त्यांना नवगाव म्हटले तर हसू येते. मग कोणासाठी करायचे?

उत्तर : मी पुष्कळ वर्षे रुग्णांच्या उशाशी काढली आहेत. आईवडील आजारी पडले की पन्नाशीतील मुले माझ्याजवळ येऊन विचारीत, सिस्टर, तुमच्याशी ती मराठीत बोलते, तिला विचारा ना, आमची आजी कोणत्या गावची होती? त्या वेळी कधी उत्तर मिळे, पुष्कळदा मिळत नसे, कारण सांगणाऱ्याची वाचा गेलेली असे. रस आज नसला तरी पुढे येतो, आणि बहुधा उशिरा येतो. तो येईल तेव्हा आपण असूच असे नाही. म्हणून उत्तर लिहून, तारीख घालून, दोन प्रती करून ठेवायचे. मंगळवारी कॅमेरा घेऊन या.